साक्षीची वही

पहाटे 4.45

क्रूचा मेसेज येऊन पडलाय. ‘विळं सोडलं 4.10 ला. ताम्हिणी चढायला घेतलाय. उलटी थांबली, खिचडी खाल्ली.’ जागा, वेळ, प्रकृती. बातमीला लागतं ते सगळं एवढ्यात आलं.

पुण्यातला एक तरुण सायकलपटू काल सकाळी आठपासून पिरंगुट ते विळे आणि परत अशा फेऱ्या मारतोय. सलग चोवीस तास. पुढच्या महिन्यात लांब पल्ल्याच्या एका मार्गावर त्याला विक्रमाचा प्रयत्न करायचाय, त्याची ही रंगीत तालीम. त्याचं नाव मी आज छापणार नाही. प्रयत्न सुरू होईल त्या दिवशी छापेन. मी कासार आंबोलीत राहते, पुण्याच्या दैनिकांना आणि साप्ताहिकांना सायकलिंगच्या बातम्या देते. पौड रस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे माझ्या कामातलं बरंचसं घाम गाळणं या रस्त्यावरच पाहायला मिळतं.

5.30

चहा घेऊन टेबलाशी बसते. तो इकडे पोहोचायला अजून दोन तास आहेत. एका जुन्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहून ठेवलेत : नोंद कोणती संस्था करणार? गट कोणता? मार्ग नेमका कुठून कुठे? साक्षीला कोण? प्रत्येक विक्रमाच्या बातमीआधी हे पान उघडायचं, हा नेम.

गटाचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’, म्हणजे रॅम, ही 2015-17 च्या सुमाराला पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत साधारण 4,800 किलोमीटरची शर्यत होती. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या गटात पूर्ण केली. अशी कामगिरी करणारा तो पहिला भारतीय संघ. 2017 साली लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली, बारा दिवसांच्या मर्यादेच्या आत. दोन्ही बातम्यांत ‘पहिले भारतीय’ आलं आणि दोन्हीकडे ते खरं होतं. पण जिथे ‘दोघांचा संघ’ आणि ‘एकट्याने’ हे शब्द गळले, तिथे वाचकाला वाटलं की दोनपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. एका गळलेल्या शब्दामुळे चार माणसांच्या कष्टांवर संशय येतो. एवढा अन्याय करायचा कोणालाही हक्क नाही.

7.15

फाट्यावरच्या टपरीवर येऊन उभी राहते. फेब्रुवारीतली सकाळ, थंडी अजून अंगाला लागते. पिरंगुटच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक सुरू झालेत, पौडहून आलेली पीएमपी भरून गेली. गावात महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीने 1997 साली सुरू केलेली राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे. बाहेरच्या माणसाला कासार आंबोली ठाऊक असते ती बहुधा तिच्यामुळे.

7.35 ला गाडीचे पिवळे दिवे दिसतात आणि त्यांच्या पुढे तो. वेग बेताचाच. डोकं जरा खाली, एक हात अधूनमधून मानेकडे जातोय. खूप लांबच्या शर्यतींत मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं उचलताच येत नाही. मायकेल शर्मर या अमेरिकन सायकलपटूवर ही वेळ आली, तेव्हापासून त्या दुखण्याला त्याचंच नाव पडलंय. याचं तितकं झालेलं नाही, पण क्रूच्या वहीत ‘मान’ हा शब्द रात्री दोनपासून तीनदा आलाय.

तो थांबत नाही. गाडीतून क्रूमधली एक मुलगी उतरते. हातात वही, गळ्यात दोरीला बांधलेलं पेन. टपरीवाल्या काकांपुढे वही धरून ती म्हणते, “काका, तुम्ही त्याला जाताना पाहिलंत ना? मग इथे वेळ टाका, गावाचं नाव लिहा, तुमचं नाव आणि सही.” काका हात पुसतात, भिंतीवरचं घड्याळ बघतात, मग तिच्या मोबाइलवरची वेळ बघतात आणि मोबाइलवरचीच लिहितात. “भिंतीवरचं दोन मिनिटं पुढं आहे,” असं सांगूनही टाकतात.

ती वही मी चाळून पाहिली. प्रत्येक पानावर सहा रकाने : तारीख, वेळ, ठिकाण, किलोमीटर, साक्षीदाराचं नाव, सही. रात्री 11.50, मुळशी, हॉटेल बंद करणारा मालक. 1.40, ताम्हिणीत गस्तीवरचा कर्मचारी, सहीखाली हुद्दा. 3.55, विळे, दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर; त्याने सहीशेजारी गाडीचा नंबरही स्वतःहून लिहिलाय. एका ओळीवर चहाचा डाग आहे, त्याच्याखाली कोणीतरी ‘अक्षर वाचता येत नाही, पुन्हा घ्या’ असं लिहून पुढच्या वळणावर दुसरी सही घेतलीय. गिनीजकडे दावा करायचा तर जीपीएसची नोंद लागते, व्हिडिओ लागतो, लॉगबुक लागतं आणि प्रयत्नाशी हितसंबंध नसलेल्या माणसांच्या साक्षी लागतात. मैदानावरच्या खेळात हजारो प्रेक्षक असतात, पंच असतात, कॅमेरे असतात. इथे पहाटे चारच्या सुमाराला पाहायला असतो एक दूधवाला. त्याची सही म्हणजे त्या क्षणाचा सगळा प्रेक्षकवर्ग.

मीही तिथे साक्षीदारच असते. मात्र माझी साक्ष छापून येते आणि दुसऱ्या दिवशी लोक तिच्यावर विश्वास ठेवतात.

8.40

पिरंगुटला तालीम संपली. सायकलपटू गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झाला आणि दोन मिनिटांत झोपला. त्याचा बाइट मी घेत नाही. चोवीस तास जागलेल्या माणसाच्या तोंडून मिळणारं वाक्य त्याचं नसतं, थकव्याचं असतं. मी क्रूसोबत पोहे खायला बसते.

तीन जण. गाडी चालवणारा एका कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर, रजा टाकून आलाय. वहीवाली मुलगी फिजिओथेरपिस्ट. तिसरा स्वयंपाक आणि सामान सांभाळतो. मी त्याला विचारते, “रात्री सगळ्यात अवघड काय होतं?”

“ताई, त्याला खायला लावणं. भूक मरते, चव जाते. भात नको, केळं नको, काहीच नको. मग मी विचारत नाही. ‘हे खा’ म्हणतो आणि वाटी पुढे धरतो.”

गाडीवाला म्हणतो, “मला त्याच्यामागे पंधराच्या वेगाने रात्रभर चालवायचं होतं. पाय क्लचवर. डोळा लागला असता तर मीच त्याला उडवलं असतं.”

ते ऐकून पोह्याचा घास हातातच राहतो. विक्रमाच्या बातमीत हा माणूस जास्तीत जास्त ‘सहकाऱ्यांच्या मदतीने’ या दोन शब्दांत मावतो. माझ्या बातमीत तिघांचंही काम सविस्तर येईल, नाव छापायची वेळ येईल तेव्हा तिघांची नावंही येतील, आणि जागा कमी पडली तर माझी विशेषणं कापली जातील.

10.45

घरी. रविवारच्या लेखाचा खर्डा आज द्यायचाय. विषय : आपल्याकडच्या सायकल विक्रमांच्या बातम्या कशा छापल्या गेल्या.

समोर कात्रणं आहेत. पहिलं पुण्याच्या प्रीती मस्के यांचं. 22 जून 2022 ला सकाळी सहा वाजता त्या लेहहून निघाल्या आणि 24 जूनला दुपारी 1.13 वाजता मनालीत पोहोचल्या. 55 तास 13 मिनिटं. पंचेचाळिशीतली, दोन मुलांची आई, चाळिशीच्या आसपास सायकलिंगकडे वळलेली. टाकलंग ला सारखी सतरा हजार फुटांवरची खिंड ओलांडायची, तीही झोपेशिवाय. बातम्यांत अंतर 430 किलोमीटर आहे.

दुसरं कात्रण लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांचं, ऑक्टोबर 2020 मधलं. तेही लेह ते मनाली. 35 तास 25 मिनिटं. अंतर 472 किलोमीटर.

तीच दोन गावं आणि अंतरात 42 किलोमीटरचा फरक. रोहतांगखालचा अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झाला आणि त्याने मनाली-लेह रस्ता 46 किलोमीटरनी कमी केला. त्यामुळे या मार्गाची बातमी हातात आली की पहिला प्रश्न हाच : रोहतांगवरून की बोगद्यातून, आणि अंतर जीपीएसचं की पाटीवरचं? हे विचारल्याशिवाय दोन वेळा एकमेकींशेजारी छापू नयेत. आधीच गट वेगळे, एक महिलांचा, एक पुरुषांचा. पण तक्ता केला की वाचक आकडेच बघतो.

तिसरं कात्रण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी, वय वीस वर्षं. जुलै 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, 159 दिवसांत चौदा देश आणि 29,000 किलोमीटर. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटलं, तरी ही मुलगी पुढे जात राहिली. 23 डिसेंबर 2018, रविवारची पहाट, कोलकात्यात तिने आवश्यक अंतर पुरं केलं आणि सगळीकडे मोठ्या मथळ्यांनी बातमी आली : आशियातली सर्वांत वेगवान महिला. बातमीच्या तळाशी एक ओळ होती. प्रवास जिथून सुरू झाला तिथे पर्थला विमानाने जाऊन आणखी 15 किलोमीटर सायकल चालवायची होती, तेव्हा फेरी नियमाने पूर्ण होणार होती.

मी संपादक असते तर ती ओळ वर घेतली असती. त्यामुळे तिचं कौतुक कणभरही कमी झालं नसतं. उलट 29,000 किलोमीटर झाल्यावरही नियमासाठी समुद्र ओलांडून पंधरा किलोमीटर पुरे करायचे, यात या खेळाचा सगळा सचोटीचा धर्म आहे. ‘आशियातली’ हा शब्दही जपायला हवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहमने 124 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. वेदांगीच्या बातमीशेजारी हा आकडा दिला असता तर आपल्या मुलीची झेप वाचकाला नीट मोजता आली असती.

1.15

भात-आमटी. मुळशीचा आंबेमोहोर, शेजारच्या आजींनी दिलेला. अर्धा तास डोळे मिटते.

2.10

पुण्याहून फोन. डेस्कवरचा मुलगा नवा आहे, हुशार आहे, घाईत आहे.

“ताई, एक प्रेसनोट आलीय. सायकलवर विश्वविक्रम. दुकॉलमी लावतोय, फोटो भारी आहे.”

“नोंद कोणी केली?”

“लिहिलंय की… ‘रेकॉर्ड बुकमध्ये नोंद होणार.’”

“होणार की झाली?”

तो गप्प. मग कागद चाळल्याचा आवाज. “होणार, ताई.”

“पुस्तक कोणतं?”

ते नोटमध्ये नाही. मी त्याला सांगते की गिनीज वेगळं, लिम्का बुक वेगळं, इंडिया बुक वेगळं आणि लांब पल्ल्याच्या सायकलिंगपुरती नोंद ठेवणारी वर्ल्ड अल्ट्रासायकलिंग असोसिएशन आणखी वेगळी. प्रत्येकाची पद्धत निराळी, छाननी निराळी. प्रयत्न संपतो त्या दिवशी मिळते ती वेळ. मान्यता पुराव्याच्या छाननीनंतर येते. प्रीती मस्के मनालीत पोहोचल्या तेव्हाही त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदपत्रं गिनीजकडे पाठवायची आहेत असंच सांगितलं होतं, आणि ज्यांनी तसं छापलं त्यांची बातमी आजही खरी आहे.

“मग मथळा काय देऊ?”

“‘विक्रमासाठी दावा’ दे. पहिल्या परिच्छेदात अंतर आणि वेळ. त्या माणसाला फोन कर आणि गट विचार.”

“मथळा पडेल थोडा.”

“पडू दे. आणि मान्यता आली की परत बातमी लावायची, तेवढीच मोठी. ती तारीख आत्ताच डायरीत टाक.”

ती दुसरी बातमी बहुतेक वेळा लागतच नाही. मिरवणूक छापली जाते, प्रमाणपत्र येतं तेव्हा पान भरलेलं असतं. माझ्या मते आपल्या सायकल-पत्रकारितेचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे.

3.30

लेखासोबतची चौकट. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा आणि वर्तमानपत्रांचा संबंध जुना आहे. खरं तर हा खेळ वर्तमानपत्रांनीच उभा केला. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही 1,200 किलोमीटरची शर्यत 1891 साली ‘ल पती जुर्नाल’ या दैनिकाचा संपादक प्येर जिफार याने भरवली. शार्ल तेरों तीन दिवस-रात्र न झोपता ती जिंकला. ‘तूर द फ्रान्स’ 1903 मध्ये ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाने सुरू केली. 1911 मध्ये इंग्लंडच्या ‘सायकलिंग’ साप्ताहिकाने वर्षभरात शंभर मैलांच्या सर्वाधिक फेऱ्या मारण्याची स्पर्धा लावली. त्याच वाटेने पुढे टॉमी गॉडविनने 1939 या एका वर्षात 75,065 मैल पुरे केले, म्हणजे एक लाख वीस हजार किलोमीटरच्या वर. अंकाचा खप वाढावा हा हेतू होताच. पण ज्यांनी शर्यत लावली त्यांनीच मोजमापाचीही जबाबदारी घेतली.

आपल्याकडे 15 ऑक्टोबर 1923 ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे 18 मार्च 1928 ला फेरी पुरी करून परतले. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. त्यांच्यामागोमाग 1924 च्या जानेवारीत फ्रामरोझ दावर निघाले, आणि ते तर खेळांवर लिहिणारे पत्रकारच होते. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव स्तावयानिक हा जोडीदार मिळाला, पुढे दोघांनी सहारा आणि अ‍ॅमेझॉन पालथे घातले. स्वतः पॅडल मारून स्वतःच लिहिणारा बातमीदार! हे नाव मराठी क्रीडापानांवर मला क्वचितच दिसतं. चौकटीचं शीर्षक त्यांच्याच नावाने देते.

5.20

वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी वाचवून बाहेर चक्कर मारते. रस्ता सुधारलाय. 2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, 19 ते 23 तारखेदरम्यान 437 किलोमीटर, त्यातला एक टप्पा मुळशी-मावळच्या रस्त्यांवरून. त्या आठवड्यात तालुक्यातली पोरं रस्त्याच्या कडेला उभी होती, कॅमेरे होते, रोज पानभर मजकूर होता. फार चांगलं झालं. सायकलवरच्या माणसाकडे आदराने बघायला लोक शिकले. त्यातला थोडा आदर रात्री दोन वाजता एकट्याने ताम्हिणी चढणाऱ्याच्या वाट्यालाही यावा, एवढीच माझी मागणी आहे.

6.45

ठरलेला फोन. पलीकडे एक सायकलपटू, चाळिशीचा. काश्मीर ते कन्याकुमारीच्या प्रयत्नात तो निम्मं अंतर कापून थांबला. हा मार्ग नोंदींच्या चढाओढीचा आहे : नाशिकच्या सतरा वर्षांच्या ओम महाजनने नोव्हेंबर 2020 मध्ये तो 8 दिवस 7 तास 38 मिनिटांत पार केला आणि मार्च 2021 मध्ये काश्मीरच्या आदिल तेलीने 8 दिवस 1 तास 37 मिनिटांत. इतक्या घट्ट वेळेत एक आजारी रात्र पुरते.

“निघताना तुमच्यासारखे सगळे आले होते,” तो म्हणतो. राग नाही आवाजात. “थांबलो, तेव्हा एकाचाही फोन नाही. घरच्यांनाच लोक विचारायचे, काय झालं म्हणून.”

“काय झालं होतं?”

मग तो चाळीस मिनिटं बोलतो. पोट कुठे बिघडलं, पाण्याची बाटली कुठे भरली होती, क्रूने थांबायचा निर्णय त्याच्याकडून कसा काढून घेतला, त्यांच्यावर तो कसा चिडला आणि दोन दिवसांनी त्यांचे पाय कसे धरले. यातलं निम्मं पुढच्या प्रत्येक सायकलपटूच्या जिवाच्या उपयोगाचं आहे. थांबायला कधी सांगावं, हे यशाच्या बातमीतून कोणीच शिकत नाही. मी त्याला विचारते, नावानिशी छापू का? तो म्हणतो, बायकोला विचारून सांगतो.

लेखात त्याच्यासाठी सहाशे शब्द राखून ठेवते. वेदांगीच्या पंधरा किलोमीटरांइतकेच ते महत्त्वाचे आहेत.

8.50

डेस्कवरून पानाचा फोटो आला. मथळा : ‘विक्रमासाठी दावा, प्रमाणपत्राची प्रतीक्षा’. खाली गट, अंतर, संस्थेचं नाव. फोटोओळीत सायकलपटूच्या मागे उभ्या असलेल्या दोघांचीही नावं. मुलाने आपणहून फोन करून मिळवली. “ताई, पान सोडू का?” “सोड. छान झालंय.”

10.10

सकाळच्या तालमीची टिपणं फाइलला लावते. पुढच्या महिन्यात तो खऱ्या प्रयत्नावर निघेल. तो आणि त्याच्यासारखे इतर कुठल्या ना कुठल्या गावावरून, बहुधा अवेळी, जातील. दिवे लावलेली गाडी मागे ठेवून चाललेला सायकलस्वार दिसला तर ओव्हरटेक करताना अंतर ठेवा, हॉर्न दाबून धरू नका. आणि त्याच्या क्रूपैकी कोणी वही पुढे केली तर पाहिलंत तेवढंच लिहा, मोबाइलवरची वेळ टाका, गावाचं नाव पूर्ण लिहा आणि सही वाचता येईल अशी करा.